नळ आला, नाली कुठे?

आमच्या गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला नाही, असं सहसा होत नाही. पण बोलणं होतं ते येणाऱ्या पाण्याचं. नळ किती वाजता आला, किती वेळ टिकला. धुणं-भांडी, आंघोळी आटोपल्यावर तेच पाणी मोरीतून पुढे कुठे जातं, हे आम्हीही फारसं विचारलं नव्हतं. म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगतो, मुंबईची. समुद्रकाठच्या शहराचा आपल्या बुलढाण्याशी काय संबंध, असं म्हणाल. तो पुढे येतोच.

मुंबई पूर्वी विहिरी आणि तलावांवर जगत होती. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअरने ती योजना आखली होती. हंडा घेऊन फिरणाऱ्या बाईला तो दिवस सणासारखाच वाटला असेल. पण घरात पाणी जास्त आलं, तसं ते बाहेरही जास्त पडू लागलं, आणि वाहून न्यायला धड गटारं नव्हती. शहराचा बराच भाग सखल, भर टाकून समुद्राकडून मिळवलेला. भरती आली की गटाराचं तोंड पाण्याखाली जायचं आणि सांडपाणी तुंबायचं. ओहोटी लागेल तेव्हा वाट मोकळी. मैला उचलायचं काम हलालखोर म्हणवले जाणारे सफाई कामगार टोपल्यांनी करत, आणि त्यासाठी घरांवर हलालखोर कर बसवलेला होता. या इतिहासात इंजिनिअरांची नावं ठळक सापडतात. टोपली उचलणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

सांडपाणी कुठल्या टोकाला नेऊन समुद्रात सोडायचं, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. शेवटी वरळीची बाजू ठरली आणि तिथे लव्ह ग्रोव्हला पंपाचं ठाणं उभं राहिलं. पाणी मात्र वाद मिटायची वाट बघत थांबलं नाही. १८७९ मध्ये तुळशी तलाव आला, १८९२ मध्ये तानसा.

योजना आखणाऱ्यांची एक अडचण मात्र खरी होती. माणसं किती धरायची? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मुंबई माणसांनी भरली. आपल्या खामगावच्या बाजारातला कापूसही मुंबई बंदरातूनच बाहेर जायचा. १८६४ च्या गणनेत शहरात ८,१६,५६२ माणसं मोजली गेली. युद्ध संपलं, तेजी बसली, आणि १८७२ च्या गणनेत आकडा निघाला ६,४४,४०५. आता गटार आठ लाखांसाठी बांधायचं की साडेसहा लाखांसाठी? २०११ मध्ये तेच शहर सव्वा कोटीच्या घरात गेलं होतं.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला, तेव्हा घाबरून गटारांमध्ये समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ओतलं गेलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये. घाबरून केलेल्या कामाचं असंच होतं.

नंतरच्या काळात मुंबईने मलनिस्सारणाचे मोठे आराखडे केले. वरळी आणि वांद्र्याला समुद्राच्या तळाखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदे नेले. सांडपाणी गाळून, वाळू-कचरा काढून इतक्या आत सोडायचं, म्हणजे समुद्रात ते पातळ होऊन जाईल, हा विचार. आता तेवढ्याने भागत नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणी शुद्धीकरणाची नवी केंद्रं बांधायची ठरली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांची पायाभरणी झाली. एकत्र क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. विहारचा नळ आला त्याला तोवर १६० वर्षं उलटून गेली होती.

आता आपल्याकडे या. समुद्र नाही, पण खारं पाणी आणि त्याच्या काठावर वाढणारं गाव बुलढाणा जिल्ह्यातही आहे. आपलं लोणार. उल्का आदळून झालेल्या खळग्यातलं ते सरोवर. त्या पाण्यात सोड्याचे क्षार, म्हणजे आपण पापडात घालतो त्या पापडखाराचीच जात. पूर्वी तिथून क्षार काढून विकत, आणि त्यांच्या प्रकारांना डल्ला, खुप्पल, भुस्की, पापडी अशी नावं होती. लोणार गाव वरच्या अंगाला वाढलं आणि त्याचं सांडपाणी उताराने सरोवराकडे जाऊ लागलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. पण मुंबईच्या समुद्रात आणि इथे एक मोठा फरक आहे. समुद्र घाण पातळ करतो, दूर नेतो. लोणारच्या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाटच नाही. आत गेलं ते आत राहिलं. उन्हाने पाणी तेवढं उडतं.

आणि हे फक्त लोणारचं नाही. २०१९ पासून घरोघरी नळाची योजना आली, माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं इंजिनिअर धरतात. आम्ही बैठकीत वहीवर गणित मांडलं. २,००० वस्तीचं गाव घ्या. रोज ८८,००० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर, रोज. ऐकून एक मावशी म्हणाल्या, "अन् आपली नाली तर शाळेच्या मागंच संपते!"

शोषखड्डा हा एक उपाय आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी खड्डे करून उघड्या नाल्या संपवल्या. आपली काळी चिकण जमीन पाणी हळू पिते, तेव्हा खड्डा किती खोल, कुठे, हे जागा बघूनच ठरवावं लागेल. घरं दाटीने असतील तिथे नालीच लागेल, आणि मग तिच्या शेवटी पाणी गाळायची काही सोय.

पुढच्या ग्रामसभेला गावाचा आराखडा वाचला जाईल, तेव्हा आम्ही सगळ्या जाणार आहोत. नळाच्या पाइपची लांबी त्यात लिहिलेली असते. नाली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, पुढच्या वीस वर्षांत किती घरं वाढणार असं धरलंय, हे आम्ही विचारणार आहोत. वही सोबत नेऊ.