रोज म्हटल्या जाणाऱ्या एका वाक्याचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही विज्ञान कार्यक्रमासाठी गेलो होतो. वर्गाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘मी हुशार आहे. मला सर्व काही जमते.’ परिपाठाच्या वेळी मुले ही वाक्ये एका सुरात म्हणत. कार्यक्रम संपल्यावर सातवीतला एक मुलगा मागे रेंगाळला आणि हळूच म्हणाला, “सर, मी त रोज म्हणतो, तरी अपूर्णांक जमत नाही. माह्यं मनच कच्चं आहे का?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर असली वाक्ये आली कुठून आणि त्यांची परीक्षा कोणी घेतली, हे पाहावे लागते.

मनाशी बोलणे आपल्याला नवे नाही. समर्थ रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ सतराव्या शतकातले. पण त्यांत मनाला उपदेश आहे : काय करावे, काय सोडावे. ‘मी तसा झालोच आहे’ अशी ग्वाही त्यांत नाही. ग्वाही देणारे वाक्य प्रसिद्ध झाले ते फ्रान्समध्ये.

एमिल कुए (१८५७-१९२६) हे मूळचे औषधविक्रेते. औषध देताना त्याची स्तुती केली, तर गिऱ्हाइकाला गुण लवकर येतो, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे नान्सी येथे ते लोकांना विनामूल्य ‘स्वयंसूचना’ शिकवू लागले. दिवसेंदिवस आपण सर्व बाबतींत सुधारत आहोत, अशा अर्थाचे वाक्य सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस वेळा पुटपुटायचे. मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी! जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजीला ही युक्ती लगेच समजली असती. १९२३ साली कुए अमेरिकेला गेले, तेव्हा तिथे त्यांच्या व्याख्यानांना मोठी गर्दी झाली. मात्र बरे झालेले लोक वाक्यामुळे बरे झाले की आपोआप, हे तपासण्याची सोय त्यांच्या पद्धतीत नव्हती.

कुए यांचे वाक्य निदान ऐकू तरी येत होते. १९५७ साली जेम्स विकरी या अमेरिकन जाहिरात-सल्लागाराने न ऐकू येणाऱ्या, न दिसणाऱ्या सूचनेचा दावा केला. चित्रपट चालू असताना पडद्यावर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते ‘पॉपकॉर्न खा’, ‘कोकाकोला प्या’ असे शब्द झळकवले आणि पॉपकॉर्नचा खप निम्म्याहून अधिक वाढला, असे त्याने जाहीर केले. जगभर खळबळ उडाली. १९५८ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने याची परीक्षा घेतली. एका कार्यक्रमात ‘आता फोन करा’ हा संदेश ३५२ वेळा झळकवला. फोन वाढले नाहीत. पण गुप्त संदेश कोणता होता ते कळवा, असे सांगताच आलेल्या पत्रांत अनेकांनी आपल्याला भूक किंवा तहान लागल्याचे लिहिले! त्यांनी विकरीची बातमी वाचलेली होती. १९६२ साली विकरीनेच एका मुलाखतीत आपली माहिती अपुरी असल्याचे कबूल केले. दावा पडला, कल्पना मात्र टिकली.

पुढे कॅसेटचे युग आले. वर लाटांचा आवाज, खाली ऐकू न येणाऱ्या सूचना : काहींत स्मरणशक्तीसाठी, काहींत आत्मविश्वासासाठी. अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक साधी युक्ती केली. निम्म्या कॅसेटींवरची लेबले त्यांनी बदलली. सुमारे महिनाभर कॅसेट ऐकल्यानंतर चाचण्या घेतल्या, तेव्हा कॅसेटमधल्या सूचनांप्रमाणे ना स्मरण सुधारले होते, ना आत्मविश्वास. परंतु बऱ्याच जणांना लेबलावर लिहिलेला गुण आपल्यात आल्यासारखे वाटत होते. ‘वाटणे’ आणि ‘होणे’ यांतले अंतर या एका युक्तीने उघड झाले.

मोठ्याने म्हटलेल्या वाक्याचे काय? जोआन वुड यांच्या २००९ च्या अभ्यासात, आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणाऱ्यांपैकी ज्यांना मुळातच स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत हा परिणाम पुन्हा दिसला नाही. म्हणून हे वाक्य घातकच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. गुणकारी आहे, असे म्हणायलाही आधार नाही.

यवतमाळमध्ये हा प्रश्न वर्गापुरता राहत नाही. कापसाचा हा जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झाला. २०१५ साली शासनाने यवतमाळ आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले. शेतकऱ्याचे मनोबल वाढवणे हा त्याचा एक हेतू होता. मनोबल हवेच. पण कर्ज, पाऊस आणि भाव यांनी पिचलेल्या माणसाला नुसते ‘चांगला विचार कर’ म्हटले, की अपयशाचा दोष त्याच्याच मनाच्या माथी येतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने वेगळी वाट धरली. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांचे ऐकून घेतले, गरजूंना समुपदेशकाकडे व डॉक्टरांकडे पोचवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नोंदले आहे. तिथे वाक्य म्हणायला लावणारा नव्हे, ऐकणारा माणूस होता.

लेबलांची युक्ती वर्गातही करता येईल. सगळ्या मुलांची वीस शब्द आठवण्याची चाचणी घ्या. मग कोऱ्या कागदाच्या सारख्या घड्या वाटा. निम्म्या घड्यांवर ‘स्मरणशक्ती’, निम्म्यांवर ‘आत्मविश्वास’ असे लिहा. आठवडाभर त्या खिशात ठेवू द्या. ‘काय फरक वाटतो?’ हे आधी लिहून घ्या, नंतर नव्या वीस शब्दांची चाचणी घ्या. शेवटी घड्या सर्वांसमोर उघडा आणि दोन्ही नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.

त्या मुलाची वही आम्ही उघडून पाहिली. अर्धा अधिक पाव करताना तो छेदांचीही बेरीज करत होता आणि उत्तर दोन षष्ठांश काढत होता. आम्ही डब्यातली भाकरी मोडून त्याच्यासमोर ठेवली. अर्ध्या भाकरीत पाव घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे, हे त्यानेच विचारले. वीस मिनिटे लागली. मन कच्चे नव्हते, एक पायरी राहून गेली होती.