नंदुरबारची मिरची : रंग तुटतो तेव्हा गंध सुटतो

१९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखला जातो. येथे हंगामात ओली मिरची खरेदी करून शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर उन्हात वाळविली जाते. या वाळवणीत मिरचीतले पाणी उडते, त्याचबरोबर तिच्या रंगाचाही काही अंश गंधात रूपांतरित होतो.

मिरचीचा लाल रंग मुख्यत्वे कॅप्सँथिन व कॅप्सोरुबिनचा; जोडीला नारिंगी बीटा-कॅरोटीन असते. ही कॅरोटिनॉइड कुळातील रंगद्रव्ये, प्रत्येक रेणूत ४० कार्बन अणू. एवढा जड रेणू हवेत उडत नाही, म्हणून त्याला वास नाही. उष्णता, प्रकाश व प्राणवायूने त्याची साखळी तुटली की हलके तुकडे सुटतात आणि नाकापर्यंत पोचतात. बीटा-कॅरोटीनपासून १३ कार्बनचा बीटा-आयोनोन मिळतो. त्याचा वास व्हायोलेटच्या फुलासारखा. लिटरभर पाण्यात मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी असला तरी तो जाणवतो. अत्तर व्यवसायासाठी आयोनोन कृत्रिमरीत्या प्रथम १८९३ मध्ये टीमान व क्रूगर या जर्मन रसायनज्ञांनी बनविले. त्यासाठी वापरलेले सिट्राल आपल्या गवती चहाच्या तेलातही विपुल असते. चहा व तंबाखूच्या सुवासातला डायहायड्रोॲक्टिनिडिओलाइड हाही कॅरोटिनॉइडचाच तुकडा. केशराची कथा थोडी निराळी : झियाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्यापासून फुलातच कडू पिक्रोक्रोसिन तयार होते आणि वाळविताना त्यातून सुगंधी सॅफ्रनाल सुटते.

मात्र आच फार झाली की साखळी भलतीकडेच तुटते आणि टोल्युइन, झायलीन अशी रंगाच्या डब्याची आठवण देणारी द्रव्ये निघतात. वाळल्या मिरचीचा सगळा वास अर्थात रंगद्रव्यांचा नव्हे. शर्करा व अमिनो आम्लांच्या अभिक्रियेचाही त्यात मोठा वाटा असतो. तिखटपणा तर पूर्णपणे वेगळ्या, रंगहीन कॅप्सेसिनचा. त्यामुळे फिकट मिरचीही झणझणीत असू शकते.

व्यापाऱ्याची अडचण इथेच आहे. भाव ठरविताना रंग पाहिला जातो. निर्यातीत तो ‘अस्टा’ एककात मोजतात. कडक उन्हात मिरची जास्त दिवस राहिली तर रंग उतरतो, लवकर उचलली तर ओलाव्यामुळे बुरशी धरते आणि ॲफ्लाटॉक्सिनचा धोका उद्भवतो. अवकाळी पाऊस आला तर निवडीला वावच उरत नाही. दळल्यावर पुडीचा हवेशी संपर्क वाढतो व रंग अधिक वेगाने जातो. म्हणून अख्खी मिरची शीतगृहात ठेवून गरजेपुरती दळणे फायद्याचे ठरते. घरातही तिखटाचा डबा शेगडीजवळ न ठेवता थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा.