कौल कुणाचा?

मालेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिक जिल्ह्यातलं, यंत्रमागांचं मालेगाव आठवतं. आमचं वाशिम जिल्ह्यातलं. नागपूर-मुंबईच्या जुन्या रस्त्यावरचं. इकडची गाडी धरली तर नागपूर, तिकडची धरली तर मुंबई. अशा गावात वेगळ्या विदर्भाचा विषय अधूनमधून निघतोच. आणि निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "घ्या ना एकदा लोकांचं मत, होऊन जाऊ द्या सोक्षमोक्ष!"

ऐकायला सोपं वाटतं. पण लोकांचं म्हणजे नेमकं कुणाचं? इतिहास चाळला की लक्षात येतं, मतपेटी उघडायच्या कितीतरी आधी, मतदारांची यादी करतानाच अर्धा निकाल लागलेला असतो.

आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. गोवा. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला. पहिल्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, हे त्या पक्षाचं उघड धोरण. 1965मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. मग अडलं कुठे? विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरा यांचं म्हणणं असं, की सरकार निवडणं वेगळं आणि आपला प्रदेशच दुसऱ्यात मिसळून टाकणं वेगळं. हे आमदारांनी परस्पर ठरवू नये, लोकांना थेट विचारा. शेवटी संसदेने डिसेंबर 1966मध्ये त्यासाठी कायदा केला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. आणि 16 जानेवारी 1967ला मतदान झालं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं.

आता खरी गोम. मुंबईत नोकरीधंद्यासाठी गेलेल्या, आणि परदेशात राहणाऱ्या गोवेकरांनाही टपालाने मत देऊ द्यावं, अशी सिक्वेरांच्या पक्षाची मागणी होती. ती फेटाळली गेली. जो गोव्याच्या मतदारयादीत, त्याचंच मत. दमण आणि दीवच्या लोकांना तर प्रश्नच वेगळा विचारला, गुजरातेत जायचं का? गोव्याच्या प्रश्नात त्यांना आवाज नव्हता. शिवाय तेव्हा मतदानाचं वय 21. ज्यांना त्या निर्णयासोबत सगळ्यात जास्त वर्षं काढायची होती, ती अठरा-वीस वर्षांची पोरं बाहेरच.

निकाल लागला. वेगळं राहण्याच्या बाजूने 1,72,191, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021चा. आणि गंमत अशी, की दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिलं! म्हणजे सिक्वेरांचं म्हणणं खरं ठरलं. सरकार म्हणून हा माणूस हवा, पण त्याचं विलीनीकरण नको, असं म्हणणारे लोक असू शकतात. नुसत्या विधानसभेला विचारलं असतं तर त्यांचं म्हणणं कधीच कळलं नसतं.

बाहेरच्या जगातही भांडण याच मुद्द्यावर होतं. 2014मध्ये स्कॉटलंडने स्वातंत्र्यासाठी मत घेतलं, तेव्हा तिथे राहणाऱ्याला मत होतं, मग तो मूळचा पोलंडचा का असेना. वय 16. पण लंडनला राहायला गेलेल्या स्कॉटिश माणसाला नाही. दक्षिण सुदानने 2011मध्ये उलट केलं. युद्धामुळे परागंदा झालेल्यांसाठी परदेशातही मतदान केंद्रं उघडली. दोन्ही नियमांमागे तर्क आहे. एक म्हणतो, निर्णय जो भोगणार त्याने ठरवावं. दुसरा म्हणतो, ज्याला परिस्थितीने घराबाहेर काढलं, त्याचं घर हिरावू नका.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. 1853मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1902मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने दिलं. शेत ठोक्याने द्यावं तसं! 1903मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. 1955मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण 1956मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1960मध्ये महाराष्ट्रात आलो. यातलं काही चांगलं झालं, काही वाईट झालं असेल. पण एकदाही इथल्या माणसाला सरळ प्रश्न विचारून मत घेतलेलं नाही.

राज्यघटनेतही तशी अट नाही. कलम 3नुसार नवं राज्य करायचा अधिकार संसदेचा. संबंधित विधानसभेचं मत मागवतात, पण ते बंधनकारक नसतं. 2014मध्ये आंध्रच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी 2 जूनला तेलंगणा झालंच.

समजा, उद्या विदर्भाचा कौल घ्यायचं ठरलंच. सगळ्या महाराष्ट्राला विचारायचं की विदर्भाच्या 11 जिल्ह्यांना? 11 जिल्ह्यांना म्हटलं, तर नागपूरकडचे सहा आणि आमचे अमरावती विभागातले पाच, सगळ्यांची मतं एकत्र मोजायची की वेगवेगळी? वऱ्हाडाने 'नाही' म्हटलं आणि नागपूरकडच्या बेरजेत ते बुडालं, तर तो कौल वऱ्हाडाचा म्हणायचा का?

मला विचाराल तर, निर्णयासोबत ज्याला राहायचंय त्याचं मत, हा नियम मला पटतो. मोजणी मात्र विभागवार उघड व्हावी, म्हणजे कोण कुठे उभं आहे ते दिसेल. आणि एक गोष्ट विसरू नये. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी माणसं बायकापोरांसह कामाला बाहेर पडतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. ती काही गाव सोडून गेलेली नसतात. यादीत त्यांचं नाव असतं, पण मतदानाच्या दिवशी माणूस इथे नसतो. गोव्यासारखा कौल जानेवारीत घेतला, तर यादीत नाव असूनही ही माणसं बाहेरच राहतील. मागासलेपणाच्या नावाने राज्य मागायचं आणि त्या मागासलेपणाने ज्यांना बाहेर काढलं त्यांनाच विचारायचं नाही, हे काही बरोबर नाही.

तेव्हा विदर्भ हवा की नको, यावर खुशाल वाद घाला. पण त्याआधी यादी आणि तारीख यावर बोला.