भिंत रंगवणारीचा फोटो

दारातल्या रांगोळीचा फोटो आपण सगळ्याच काढतो. पण रांगोळी काढणारीचा, बोटं पांढरी झालेली असतानाचा फोटो किती जणींच्या घरी आहे? आज ज्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांनी वर्षानुवर्षं असे फोटो काढले. त्यांचं नाव ज्योती भट्ट. नाव ऐकून बाई वाटेल, पण हे गुजरातचे चित्रकार.

भट्टांचा जन्म 1934 चा, भावनगरचा. बडोद्याच्या विद्यापीठात ते चित्रकला शिकले. मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिथं त्यांचे शिक्षक होते. पुढं भट्टही तिथंच शिकवू लागले. 1967 मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातल्या एका परिसंवादासाठी त्यांना गुजरातच्या लोककलेचे फोटो काढायला सांगितलं गेलं. काम तेवढ्यापुरतंच होतं. पण गावं हिंडताना त्यांना दिसलं की ही कला झपाट्यानं मागं पडतेय. भिंत सारवली की जुनं चित्र जातं आणि नवं येतं, ही तर रीतच. सिमेंटची भिंत आली की नवं येतच नाही. मग ते गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश असे फिरत राहिले. कधी सोबत शिल्पकार मित्र राघव कनेरिया असायचे.

राजस्थानातलं मांडणं घ्या. सवाई माधोपूरकडच्या मीणा बायका दिवाळीच्या सुमारास घर सारवतात आणि पांढऱ्या मातीच्या पाण्यात भिजवलेला बोळा हातात धरतात. बोळा दाबला की रंग अनामिकेवरून ओघळतो आणि बोटाच्या टोकानं रेघ उमटते. ना ब्रश, ना पट्टी. तेवढ्यावर भिंतीवर मोर उभा राहतो.

इथं काळापांढरा फोटो कामी आला. शेणामातीची भिंत त्यात गडद येते, पांढरी रेघ लख्ख उठते. अडचण असते ती चेहऱ्याची. उन्हात पांढरा रंग इतका चमकतो की कॅमेरा त्याच्यावर बेततो आणि बाईचा चेहरा काळवंडतो. म्हणून असा फोटो भर दुपारी काढायचा नाही. सकाळचं किंवा उतरतीचं कोवळं ऊन बघायचं. फिल्मच्या काळात राहिलेली कसर अंधाऱ्या खोलीत भरून काढता यायची. कागदावर उजेड पाडताना चेहऱ्याच्या जागी क्षणभर हात आडवा धरला की तेवढा भाग उजळ निघायचा.

पण नुसत्या उजेडानं फोटो सुधारत नाही, असं आम्हाला वाटतं. लोककलेचे कितीतरी फोटो म्हणजे भिंतीतून कापून काढल्यासारखं नुसतं चित्र. भट्टांच्या फोटोत चित्रासमोर बाई असते, दारात पोर असतं, घर नांदतं असतं. ते चित्र कुणाच्या हातचं आणि कुणाच्या घरचं, ते कळतं.

एक गोष्ट मात्र खटकते. यातल्या बऱ्याच फोटोंखाली मुलूख असतो, साल असतं, बाईचं नाव नसतं. त्याच सुमाराची मधुबनीची गोष्ट बघा. बिहारात दुष्काळ पडला तेव्हा भास्कर कुलकर्णी हे आपले मराठी चित्रकार तिथं गेले आणि भिंती रंगवणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला. कागद विकला जातो आणि विकल्या जाणाऱ्या चित्राखाली नाव लागतं. जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत कुणी विकत घेत नाही, म्हणून भिंतीवालीचं नाव विचारायचं राहून गेलं असावं. भट्टांनाही 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती रास्तच होती. त्यांच्या फोटोंतल्या कितीतरी जणी मात्र आजही 'राजस्थानातली एक बाई' एवढ्याच आहेत.

आपल्या गटात कुणी गोधडी शिवते, कुणी टोपल्या विणते, कुणी लग्नाचा चौक लिहिते. मोबाइलमध्ये काळापांढरा फोटो काढायची सोय असते. तिला 'इकडं बघ' म्हणू नका, तिची नजर कामावरच राहू द्या. हात आणि चेहरा दोन्ही चौकटीत घ्या. समोर पांढरं धोतर किंवा चादर धरली तर उजेड उलटून चेहऱ्यावर येतो. गावात फोटो छापून घ्या आणि मागं तिचं पूर्ण नाव, गाव, तारीख आणि हातातलं काम लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उठतात, तेव्हा मऊ पेन्सिल घ्या आणि हलक्या हातानं लिहा.