दूरसंचाराचे नवे पर्व : आष्टी (जि. बीड) परिसराच्या संदर्भात

पाचव्या पिढीचे भ्रमण-दूरध्वनी जाल आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या संयोगातून एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात संदेशवहनाच्या तंत्रात घडून येत असलेले स्थित्यंतर. या स्थित्यंतराचा विचार बहुधा महानगरांच्या संदर्भात केला जातो. तथापि संदेशवहनाचे कोणतेही साधन प्रथम बंदरात व राजधानीत येते आणि तालुक्याच्या गावी पुष्कळ उशिरा पोहोचते, हा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव आहे. हे अंतर नव्या तंत्राने कमी होईल की वाढेल, हा प्रश्न बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

स्थान : आष्टी हे बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे तालुक्याचे ठिकाण आहे. (वर्धा, सोलापूर व गडचिरोली या जिल्ह्यांतही याच नावाची गावे आहेत.) बालाघाटाच्या डोंगररांगांच्या परिसरातील हा तालुका अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या प्रदेशात शिरल्यासारखा आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर लगतचा नगर जिल्हा १९४७ पर्यंत ब्रिटिश मुलखात होता. संस्थानची टपालव्यवस्था व तिकिटे स्वतंत्र होती. ती व्यवस्था १९५० मध्ये भारतीय टपालखात्यात विलीन झाली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. बाजार व दवाखाना यांसाठी नगरकडे आणि कचेरीच्या कामासाठी बीडकडे, अशी येथील लोकांची दोन्हीकडची ये-जा आहे. नगर–आष्टी हा सु. ६६ किमी. लांबीचा लोहमार्ग प्रवासी वाहतुकीस सप्टेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्यानंतर सुमारे आठवड्याभराने, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिल्ली येथे देशातील पाचव्या पिढीच्या भ्रमण-दूरध्वनी सेवेचे उद्‌घाटन झाले. एकोणिसाव्या शतकातील वाहतुकीचे साधन आणि एकविसाव्या शतकातील संदेशवहनाचे साधन यांची घोषणा या तालुक्याने अशी एकाच पंधरवड्यात ऐकली.

पूर्वेतिहास : भारतातील पहिली तारायंत्राची मार्गिका कलकत्ता ते डायमंड हार्बर यांदरम्यान १८५१ मध्ये सुरू झाली. १८५४ मध्ये मुंबई व कलकत्ता ही शहरे तारेने जोडली गेली. १८७० मध्ये एडनमार्गे आलेल्या समुद्री केबलमुळे मुंबईचा लंडनशी प्रत्यक्ष तारसंबंध जुळला. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे उघडण्यात आली. इंग्लंडशी बिनतारी संदेशवहनासाठी उभारलेल्या खडकी व दौंड येथील केंद्रांचे उद्‌घाटन लॉर्ड अर्विन यांच्या हस्ते जुलै १९२७ मध्ये झाले. दौंड हे आष्टीपासून फारसे दूर नाही. परंतु तेथील आकाशकांची दिशा लंडनकडे होती. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेव्हाही ते परदेशी संदेशवहनासाठीच होते. दूरच्या खंडाशी बोलणे सुकर व्हावे आणि शेजारच्या तालुक्याशी बोलण्यासाठी मात्र ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागावे, अशी ही विसंगत स्थिती अनेक दशके टिकून राहिली. साधा, तातडीचा व ‘लाइटनिंग’ हे ट्रंक कॉलचे दरानुसार ठरणारे प्रकार त्या काळच्या लोकांच्या स्मरणात आहेत.

या स्थितीत पहिला मूलभूत बदल १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ (दूरसंचार विकास केंद्र) या संस्थेने घडवून आणला. धूळ, उष्णता व अनियमित वीजपुरवठा यांना तोंड देऊ शकणारे आणि वातानुकूलनाची गरज नसलेले लहान ग्रामीण अंकीय दूरध्वनी केंद्र या संस्थेने तयार केले. परदेशी यंत्रे आणून ग्रामीण परिस्थिती त्यांच्याशी जुळवून घेण्याऐवजी परिस्थितीला अनुरूप यंत्र घडविणे, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. पुढील काळात गावोगावी आलेल्या ‘एसटीडी-पीसीओ’ केंद्रांनी दूरध्वनीला घराबाहेर, चौकात आणले.

भ्रमण-दूरध्वनीचा प्रसार : भारतातील पहिले भ्रमण-दूरध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांदरम्यान झाले. सुरुवातीला गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रु. ८० पैसे इतका दर आकारता येत असे आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. महाराष्ट्रात मुंबई हे स्वतंत्र परिमंडल, तर उर्वरित राज्य व गोवा मिळून दुसरे परिमंडल, अशी विभागणी होती. १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले. २००० मध्ये दूरसंचार खात्याच्या सेवा भारत संचार निगमाकडे सोपविण्यात आल्या. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाल्यावर हे साधन खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांचे झाले. १४ जुलै २०१३ या दिवसानंतर तारसेवा बंद झाली. २०१६ नंतर चौथ्या पिढीच्या स्वस्त सेवेमुळे चलचित्रे व आर्थिक व्यवहारही हातातील यंत्रावर होऊ लागले.

बीड जिल्ह्यात या प्रसाराला एक विशेष सामाजिक अर्थ आहे. या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. कोपीवर राहणाऱ्या या कुटुंबांचा गावी मागे राहिलेल्या वृद्धांशी व शाळकरी मुलांशी संपर्क पूर्वी जवळजवळ तुटत असे. मुकादमाशी होणारी बोलणी, उचलीचा हिशेब, घरची खुशाली व मुलांची चौकशी या साऱ्यांसाठी भ्रमण-दूरध्वनी हे आता त्यांचे अपरिहार्य साधन झाले आहे. एक कॉल देऊन तो लगेच तोडणे, म्हणजे ‘मिस कॉल’ देणे, ही फुकट संदेशवहनाची युक्ती अशाच अल्प उत्पन्नाच्या लोकांनी रूढ केली.

पाचव्या पिढीचे तंत्र : पाचव्या पिढीची पहिली पूर्ण मानके २०१८ मध्ये सिद्ध झाली. भारतात २०२२ च्या लिलावात कंप्रतापट्ट्यांच्या विक्रीतून सु. दीड लाख कोटी रुपयांच्या बोली आल्या. या सेवेसाठी मुख्यतः तीन प्रकारचे पट्टे ठरविण्यात आले. ७०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची लांबी सु. ४३ सेंमी. असते; ते दूरवर जातात व भिंती आणि झाडी यांतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यांची माहिती वाहण्याची क्षमता मर्यादित असते. ३,३०० मेगॅहर्ट्‌झच्या सु. ९ सेंमी. लांबीच्या तरंगांची क्षमता पुष्कळ अधिक, पण पल्ला कमी असतो. २६ गिगॅहर्ट्‌झचे सु. सव्वा सेंमी.हूनही आखूड तरंग प्रचंड माहिती वाहतात, परंतु त्यांना एखादी भिंतही अडवू शकते. दाट वस्तीच्या शहरात आखूड तरंगांचे अनेक मनोरे परवडतात. वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आणि टेकड्यांच्या आड असलेल्या प्रदेशात लांब तरंगांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे ‘जिल्ह्यात सेवा सुरू झाली’ आणि ‘जिल्ह्यातील प्रत्येक वस्तीत सेवा पोहोचली’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत.

या पिढीची आणखी दोन वैशिष्ट्ये आहेत. एक म्हणजे एकाच आकाशकात अनेक लहान आकाशक बसवून तरंगांचा झोत विशिष्ट ग्राहकाकडे वळविता येतो. दुसरे म्हणजे पूर्वी खास यंत्रांकडून होणारी स्विचनाची कामे आता सर्वसाधारण संगणकांवरील आज्ञावल्या करतात. जाल हे यंत्रांऐवजी आज्ञावलींचे बनल्यामुळेच त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव सुलभ झाला.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे कार्य : पूर्वी जालाची देखभाल अभियंत्यांनी ठरविलेल्या ठोकळ नियमांनुसार होत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या आज्ञावल्या मागील नोंदींवरून नियम स्वतः शिकतात. त्यांची प्रमुख कामे अशी : (१) कोणत्या मनोऱ्यावर कोणत्या वेळी किती भार येईल, याचा अंदाज करणे, (२) भार कमी असताना, विशेषतः रात्री, काही प्रेषक निद्रिस्त करून वीज वाचविणे, (३) तापमान, विद्युत् दाब व चुकांच्या नोंदी यांवरून बिघाडाची आगाऊ सूचना देणे, (४) झोताची दिशा व शक्ती क्षणोक्षणी ठरविणे, (५) फसवे कॉल व बनावट जोडण्या ओळखणे. शेवटच्या कामासाठी दूरसंचार विभागाने ‘अस्त्र’ ही प्रणाली उपयोगात आणली असून तीत एकाच व्यक्तीच्या छायाचित्रावर वेगवेगळ्या नावांनी घेतलेल्या जोडण्या शोधल्या जातात. मे २०२३ मध्ये नागरिकांसाठी ‘संचार साथी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सहाव्या पिढीची जी रूपरेषा संमत केली, तिच्या सहा उपयोगक्षेत्रांत कृत्रिम बुद्धिमत्ता व संदेशवहन यांचा संयोग हे एक स्वतंत्र क्षेत्र मानले आहे.

ग्रामीण भागावरील परिणाम : भाराच्या नोंदींवरून शिकणारी आज्ञावली जेथे नोंदी पुष्कळ, तेथे चांगले शिकते. हंगामात गाव निम्मे रिकामे झाले, की तेथील मनोऱ्यावरचा भार घटतो. केवळ वीज व खर्च यांचा विचार करणारी आज्ञावली अशा मनोऱ्याची क्षमता कमी करणे योग्य ठरवील. परंतु त्याच काळात मागे राहिलेल्या वृद्धांना व मुलांना त्या एका जोडणीची गरज सर्वाधिक असते. भार कमी असणे म्हणजे गरज कमी असणे नव्हे, हा भेद नोंदींतून आपोआप उमगत नाही. तो आज्ञावली रचणाऱ्याने किंवा नियामकाने घालून द्यावा लागतो.

नागरिकांचे हक्कही आता जोडणीशी निगडित झाले आहेत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी पिकाची नोंद भ्रमण-दूरध्वनीवर छायाचित्रासह स्वतः करतो. पीकविम्यात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट २०२५ च्या खरिपापूर्वी राज्यात लागू होती. अशा वेळी शिवारात तरंग न मिळणे ही केवळ गैरसोय राहत नाही. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत कडा व आष्टी तालुक्यातील अन्य काही गावे पुराने वेढली गेली आणि अडकलेल्या लोकांची हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली. आपत्तीची पूर्वसूचना एखाद्या क्षेत्रातील सर्व यंत्रांवर एकाच वेळी पाठविण्याच्या पद्धतीच्या चाचण्या देशात २०२३ मध्ये घेण्यात आल्या होत्या. तथापि मनोऱ्याची वीज गेली व विद्युत् घट संपले, म्हणजे अत्यंत बुद्धिमान जालही मुके होते. अवर्षणाच्या या प्रदेशाला अतिवृष्टीने दिलेला हा धडा होय.

मनुष्यबळ व भाषा : जानेवारी २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली भारत संचार निगमातील सु. ७८ हजार कर्मचारी सेवानिवृत्त झाले. खांबावर चढून तार जोडणारा, गावातील प्रत्येक घर ओळखणारा तारवाला या काळात दिसेनासा झाला. त्याच्या जागी तक्रार ऐकणारी यांत्रिक वाणी आली. ही वाणी मराठी बोलू लागली असली, तरी प्रमाण मराठीच्या नोंदींवर तयार झालेल्या प्रणालीला बीडकडील बोली कितपत कळेल, हे त्या बोलीच्या नोंदी जमविण्यावर अवलंबून आहे. भारतीय भाषांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या उपक्रमाचे महत्त्व या दृष्टीने मोठे आहे.

समालोचन : २०२४ मध्ये देशात दर शंभर लोकांमागे दूरध्वनी जोडण्यांचे प्रमाण नागरी भागात १३० हून अधिक, तर ग्रामीण भागात ६० च्या आत होते. ग्रामपंचायती प्रकाशीय तंतूंनी जोडण्याची २०११ मध्ये मंजूर झालेली व पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना, तसेच सेवा न पोहोचलेल्या गावांसाठीची २०२२ ची चौथ्या पिढीच्या सेवेची योजना यांचा उद्देश ही दरी कमी करण्याचा आहे. सी-डॉट, तेजस व टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून विकसित केलेल्या स्वदेशी यंत्रणेवर भारत संचार निगमाची चौथ्या पिढीची सेवा सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झाली. ही यंत्रणा पुढे पाचव्या पिढीसाठी वापरता येण्याजोगी आहे.

तार, दूरध्वनी, उपग्रह व भ्रमण-दूरध्वनी यांचा इतिहास पाहता असे दिसते, की तंत्राने अंतर आपोआप कधीच मिटविले नाही. १९८० नंतरच्या दशकात ग्रामीण दूरध्वनी केंद्र यशस्वी झाले, ते धूळ व उन्हाळा यांचा विचार आराखड्यातच केला गेल्यामुळे. कृत्रिम बुद्धिमत्तेने चालणाऱ्या जालाच्या आराखड्यात हंगामी स्थलांतर, डोंगराआडची वस्ती आणि स्थानिक बोली यांना तसेच स्थान मिळाले, तर आष्टीसारख्या तालुक्यांची दीर्घकाळची प्रतीक्षा कमी होण्याची शक्यता आहे. अन्यथा पूर्वी ट्रंक कॉलसाठी ताटकळणारा माणूस यापुढे आज्ञावलीच्या निर्णयासाठी ताटकळत राहील.