तसबीर आणि दत्तपूर

ऑस्कर वाइल्डची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कादंबरी १८९० सालीं प्रथम एका मासिकांत आली. तींतला तरुण आपलें रूप अक्षय राखतो. वय व पाप उमटतात तीं त्याच्या तसबिरीवर, आणि ती तसबीर तो माडीवरच्या खोलींत कुलपांत ठेवतो. आमचे विद्यार्थी ही कथा अद्भुत म्हणून वाचतात. आम्हांस ती खोली फारशी अद्भुत वाटत नाहीं. विद्रूप मुखाला गांवाबाहेर घालविणारा समाज दुसरें काय करीत होता?

वर्ध्याजवळ दत्तपूर येथें १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं कुष्ठरोग्यांच्या सेवेचें कार्य आरंभिलें. सल्फोन औषधें त्यानंतरचीं, १९४० च्या पुढचीं. तेव्हां भय समजण्याजोगें होतें. पण तें केवळ संसर्गाचें नसावें. क्षयहि संसर्गजन्यच, तरी त्याच्या फिकटपणावर युरोपांतील कवि भाळले!

१९३९ सालीं परचुरेशास्त्री सेवाग्रामास आले. हे संस्कृत पंडित गांधीजींचे येरवड्याचे सहबंदी. गांधीजींनीं त्यांना आश्रमांत जागा दिली व स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालीश केलें. त्या सेवेचें छायाचित्रहि आहे, आणि तें कोणीं लपविलेलें नाहीं.