एका कपाचे भाडे

मराठीत 'इराणी' हा शब्द देशवाचक किंवा वंशवाचक म्हणून जितका रूढ आहे, त्याहून अधिक तो स्थलवाचक म्हणून रूढ झाला. 'इराण्याकडे बसलो होतो' असे मुंबईकर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर इराण नसतो. असते ते संगमरवरी पाटाचे टेबल, वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, गल्ल्यामागच्या बरण्यांतली खारी-नानखटाई आणि बशीत सांडलेला चहा. एका समाजाचे नाव एका जागेला इतके चिकटावे की समाज मागे पडून जागाच पुढे यावी, असे भाषेत क्वचित घडते. 'उडपी' हे दुसरे उदाहरण. पण उडप्याकडे माणूस खायला जात असे आणि इराण्याकडे बसायला. क्रियापदातला हा भेद वरवरचा नाही. मुंबईच्या वाङ्मयीन जीवनाचा निदान अर्ध्या शतकाचा इतिहास त्यात दडलेला आहे.

२००४ साली धोबीतलावावरची 'बस्तानी अँड कंपनी' बंद झाली. मेट्रो सिनेमाच्या परिसरातले, १९०४ साली निघालेल्या 'कयानी'च्या समोरचे हे हॉटेल. ते गेल्यावर हळहळ व्यक्त झाली ती मुख्यतः मावा केकविषयी आणि ब्रून मस्क्याविषयी. ही हळहळ खोटी नव्हती. पण चवीच्या आठवणीत एक अडचण असते, ती प्रश्न विचारू देत नाही. इराणी हॉटेले का बंद पडली, हे सारेच विचारतात. मला अधिक विचारण्याजोगे वाटते ते हे की, एका कप चहाच्या किमतीत तासभर खुर्ची देणारा हा व्यवसाय इतकी दशके चालला तरी कसा, आणि त्या चालण्याची किंमत कोण भरत होते?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणमधील यझ्द आणि केरमान या भागांतून जरथोस्ती कुटुंबे मुंबईकडे येऊ लागली. काजार राजवटीत त्यांच्यावर जिझिया कर होता, सामाजिक अवहेलना होती आणि १८७०च्या सुमारास मोठा दुष्काळही पडला. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातरिया यांना आपले प्रतिनिधी म्हणून इराणात पाठवले. त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर १८८२ साली हा जिझिया रद्द झाला. तरीही स्थलांतर थांबले नाही. मुंबईत आधीच स्थिरावलेल्या पारशांपाशी जहाजे, गिरण्या आणि इंग्रजी शिक्षण होते. मागाहून आलेल्या इराण्यापाशी यातले काही नव्हते. होती ती पहाटे उठण्याची तयारी आणि नात्यागोत्यातली भागीदारी. याच वाटेने यझ्दहून इराणी मुसलमानही आले आणि त्यांनीही हाच धंदा पत्करला. मराठी ग्राहकाने या दोहोंत कधी फरक केला नाही. त्याच्या लेखी दोघेही 'इराणीच'.

इराण्याला कोपऱ्यावरची जागा मिळाली, कारण कोपरा अशुभ मानून हिंदू दुकानदार ती घेत नसत, अशी एक समजूत सर्वत्र सांगितली जाते. ती कितपत खरी, हे बाजूला ठेवले तरी कोपऱ्याचा परिणाम निर्विवाद आहे. दोन रस्त्यांवर उघडणारी दारे असली की आत बसलेला माणूस रस्त्यातच असतो आणि रस्त्यावरचा माणूस नकळत आत येतो. 'नाका' या शब्दाला मुंबईच्या बोलीत जो सामाजिक अर्थ आला, त्याला कोपऱ्यावरच्या इराण्याने मोठा हातभार लावला. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) या पुस्तकाने त्या शब्दाला वाङ्मयात कायमची जागा मिळवून दिली.

परंतु कोपऱ्याहून महत्त्वाची गोष्ट होती कपाची. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी एका समारंभाला गेली; तेथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ग्रामण्य, आयोग, प्रायश्चित्त असे सर्व सोपस्कार झाले. रानड्यांसारख्या माणसानेही अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. चहाचा एक कप हा त्या काळी धर्मनिर्णयाचा विषय होता, हे लक्षात ठेवल्याखेरीज इराण्याच्या टेबलाचे मोल कळत नाही. पाव म्हणजे बाटवणारा पदार्थ, अंडे तर बोलायलाच नको, आणि ते देणारा हात म्लेंच्छाचा. गिरगावातल्या कित्येक पांढरपेशा घरांतील मुलाचे पहिले बंड इराण्याकडच्या ऑम्लेट-पावाने झाले. ते त्याने घरी सांगितले नाही, एवढेच.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर या कपाचे मोल आणखी वाढते. गावच्या चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळा कप ठेवलेला असे. तो ज्याचा त्याने विसळून पुन्हा जागेवर ठेवायचा, हे दलित आत्मकथनांनी वारंवार नोंदवले आहे. त्या गावाहून आलेल्या माणसाला मुंबईत इराण्याने जात विचारली नाही. यात इराण्याची काही पुरोगामी भूमिका होती, असे समजण्याचे कारण नाही. तो स्वतःच जातिव्यवस्थेच्या बाहेरचा होता. शिवाय जात विचारणे त्याला धंद्याच्या दृष्टीने परवडणारेही नव्हते. पण मूल्य मानल्यामुळे येणारी समता आणि सोयीमुळे येणारी समता, यांपैकी दुसरी अनेकदा अधिक टिकाऊ ठरते. सगळे कप एकाच पाण्यात विसळले जात होते.

धोबीतलाव हा तर अशा सरमिसळीचा नमुनाच. एका अंगाला सेंट झेवियर्स कॉलेज आणि पलीकडे जे. जे. कलाशाळा, दुसऱ्या अंगाला गिरगावच्या चाळी, आसपास गोव्याहून आलेल्या खलाशांची आणि आचाऱ्यांची 'कूड' नावाची वसतिस्थाने, जवळच कोर्ट, इस्पितळ, सिनेमागृह. यांतल्या बहुतेकांपाशी एक गोष्ट समान होती. कोणाकडेही बसायला जागा नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत सहासात माणसे राहत असताना वाचणे, लिहिणे, वाद घालणे, किंवा नुसते एकटे असणे कोठे करायचे? १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक चक्रमुद्रित करून काढले; साठीत अशोक शहाणे यांचे 'असो' आणि इतर अनियतकालिके आली. या चळवळीचे इतिहास आपण विचारप्रणालींच्या अंगाने लिहितो. बीट कवी, अतिवास्तववाद, अस्तित्ववाद यांची यादी देतो. ज्या पिढीला प्रस्थापित संस्थांची दारे बंद होती, किंवा जिने ती स्वतःच नाकारली, तिची बैठक कोठे भरत होती, हा प्रश्न मात्र तळटीपेतही येत नाही. कचेरी नसलेल्या वाङ्मयाला पत्ता लागतो तो हॉटेलाचा.

बस्तानीचे नाव वाङ्मयात टिकले आहे ते निसीम इझिकेल यांच्या १९७२च्या सुमाराच्या एका छोट्या इंग्रजी कवितेमुळे. तेथील सूचनाफलकावरून ती स्फुरली, असे सांगितले जाते. इझिकेल बेने इस्रायली होते, म्हणजे मराठी ज्यांची परंपरेने घरभाषा अशा यहुदी समाजातले. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादातही त्यांचा सहभाग होता. त्यांची ती कविता भारतीय इंग्रजीची गंमत म्हणून वाचण्याची प्रथा आहे. मला ती वाचण्याची दुसरी रीत अधिक फलदायी वाटते. इराणी हॉटेलांतल्या पाट्या ही इतिहासाची साधने आहेत. मनाईची पाटी लावावी लागते ती जे सर्रास घडत असते त्याचीच. आरशापुढे केस विंचरू नका, ही पाटी सांगते की घरी ज्यांना धड आरसा नव्हता ते येथे येऊन भांग पाडत. खुर्चीवर पाय घेऊ नका, ही पाटी सांगते की माणसे येथे घरच्यासारखी बसत. फार वेळ बसू नका, असे लिहिलेले असूनही माणसे बसतच होती आणि गल्ल्यावरचा शेठ बहुधा पाटीकडे बोट न दाखवता वर्तमानपत्रात डोके घालून बसत होता. पाटी हा त्याचा हक्क होता आणि तिची अंमलबजावणी न करणे ही त्याची रीत.

ही रीत परवडत होती याचे कारण मात्र स्वभावात शोधू नये. ते कायद्यात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जागांची प्रमाण भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. नंतरच्या पन्नास वर्षांत चहा महागला, पाव महागला, जागेचे भाडे जवळपास तेथेच राहिले. म्हणजे कवीने तासभर अडवलेल्या खुर्चीचा खर्च इराणी सोसत होता हे अर्धेच खरे. उरलेला अर्धा घरमालक, मनाविरुद्ध, सोसत होता. त्याचा सूड इमारतीने घेतला. जेथे भाडे येत नाही तेथे डागडुजी होत नाही, आणि दक्षिण मुंबईतल्या वास्तू टेकूंवर उभ्या राहू लागल्या.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाडेकरूला हाकलले नाही. उलट जागेचा हक्क दुसऱ्याला देताना पागडी घेण्यास उघड मान्यता दिली. परिणाम उलटाच झाला. आजवर इराण्याची जागा ही त्याला चहा विकू देणारी सोय होती. आता ती चहापेक्षा कितीतरी मौल्यवान अशी विक्रीची वस्तू झाली. ज्या दुकानात तीनचार भागीदार, त्यांची मुले-नातवंडे आणि त्यांतली निम्मी परदेशी किंवा नोकरीपेशात, तेथे पहाटे भट्टीजवळ कोणी उभे राहावे यापेक्षा जागेची वाटणी हाच साहजिक निर्णय ठरतो. त्याला दोष देण्याचा अधिकार, एक चहा घेऊन दोन तास बसणाऱ्यांना तरी नाही.

गिरणगावात हा शेवट आधीच सुरू झाला होता. लालबाग-परळचे इराणी पाळ्यांच्या भोंग्यावर चालत. पहाटेच्या पाळीला जाणारा आणि रात्रपाळीहून येणारा असे दोन्ही कामगार एकाच टेबलावर भेटत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्या टेबलाचे गिऱ्हाईकच संपले. दारूबंदीचे नियम सैल झाल्यावर काही इराण्यांनी आधीच परमिट रूम काढली होती. तेथे खुर्ची राहिली, पण विद्यार्थी उठला.

या जागेचे गुणगान करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. तेथे बाई एकटी क्वचितच दिसे. तिच्यासाठी 'फॅमिली रूम' होती आणि त्या नावातच अट होती, की तिने कुटुंबासह यावे. ज्या सार्वजनिकतेचा आपण गौरव करतो ती पुरुषांची होती. मराठी कवयित्रींच्या दोन पिढ्या या बैठकींच्या बाहेर राहिल्या, त्याची भरपाई काव्यसंग्रहांच्या प्रस्तावनांनी होत नाही. आणि चहाचे पेले घेऊन आसपासच्या कचेऱ्यांतून धावणारा 'बाहेरवाला' हा पुष्कळदा कोवळा पोरगा असे. भाडे गोठलेले होते तसा त्याचा पगारही.

दुसरा मार्ग शक्य होता का? १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. कलकत्त्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाउस या मार्गाने वाचले. दिल्लीत कॅनॉट प्लेसमधले कॉफी हाउस मात्र आणीबाणीत शासनानेच पाडले. गप्पांची भीती वाटणाऱ्या सत्तेला जागेचे महत्त्व समीक्षकांपेक्षा लवकर कळते. इराण्याचे हॉटेल या दोन्ही गतींना गेले नाही. ते कुटुंबाचे होते, कामगारांचे नव्हते, त्यामुळे वाचवायला कोणी पुढे आले नाही. आणि ते कोणाला धोक्याचे वाटले नाही, त्यामुळे पाडायलाही कोणी आले नाही. ते वाटणीपत्रावरच्या सह्यांनी संपले.

काळाघोड्याच्या 'वेसाइड इन'ची गत याहून वेगळी नव्हती. ते इराणी नव्हे, विलायती खाणावळीच्या वळणाचे उपाहारगृह. पण बसू देण्याची रीत तीच. कोलटकर वर्षानुवर्षे तेथल्या खिडकीशी बसून समोरचा त्रिकोणी रस्ता, भटकी कुत्री, झाडूवाल्या, इडली विकणारी बाई पाहत असत. या पाहण्यातून 'काळा घोडा पोएम्स' ही इंग्रजी कवितांची मालिका झाली. ज्या कवीने आधी इराणी हॉटेलावरही कविता लिहिली होती, त्याने आपली उत्तरकालीन कविता अशी अक्षरशः हॉटेलातून पाहून लिहिली. मराठीतील 'भिजकी वही' २००३ साली आली. तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला तो कवीच्या मृत्यूनंतर, २००५ साली. 'काळा घोडा पोएम्स' २००४ च्या जुलैत प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरला कोलटकर गेले. त्या जानेवारीत इझिकेल गेले होते. बस्तानी बंद झाली तेही याच वर्षी.

वेसाइड इन त्याआधीच बंद झाले होते आणि त्या जागी महागडे चिनी उपाहारगृह आले होते. खिडकी तीच होती, समोरचा रस्ताही तोच. कोलटकर तेथे बसायला गेले नाहीत. आपल्या मित्रांना घेऊन ते फोर्टातल्या 'मिलिटरी कॅफे'त जाऊ लागले. ते इराण्याचे होते.